खालची ओळ खरी

आमच्या तालुक्याच्या कचेरीत कृष्णराव रेकॉर्डकीपर होते. अमुक गावच्या अमुक भांडणाची फाईल कुठे, असं विचारलं की ते मान वर न करता सांगत, "दुसरी रॅक, चौथा कप्पा, डावीकडून सातवा बस्ता." जाऊन बघावं तर फाईल तिथंच. साहेब बदलत गेले. नव्या साहेबाला दोन दिवसांत कळायचं, की खुर्ची आपली असली तरी कचेरी कृष्णरावांची आहे.

एकाहत्तर साली वरून हुकूम आला होता: प्रत्येक फाईलवर ती किती वर्षं ठेवायची ते लिहा. कायम, तीस वर्षं, बारा वर्षं, की एकच वर्ष. फाईली बावीस हजार, लिहिणारा हात एक, आणि त्या हाताला दुपारनंतर कळ लागायची. कृष्णरावांनी आठ दिवस सुपारी कातरत विचार केला आणि ठरवलं, की फाईलवर लिहायचंच नाही. दारावर एक मोठी पाटी लावली, साऱ्या दालनाला लागू. प्रत्येक रॅकला एक लहान पाटी, त्या रॅकपुरती. आणि प्रत्येक गावच्या बस्त्यात, कापडाच्या आत, एक चिठ्ठी, त्या गावापुरती. फाईल हातात आली की तिच्यावरचं नाव वाचायचं आणि आधी चिठ्ठी बघायची. चिठ्ठीत त्या नावाचं काही नसेल तर रॅकची पाटी. तिथंही नसेल तर दार. जवळचा हुकूम लांबच्या हुकमावर चढ. आणि एकाच चिठ्ठीतल्या दोन ओळी लागू पडत असतील तर खालची ओळ खरी, कारण ती मागाहून लिहिलेली.

शिपाई घनश्यामला हे एका दमात समजलं. "म्हंजे आमच्या घरच्यासारखंच, बाबूजी. बाप अंगणातून ओरडते, पण चुलीजवळ बसली हाय तिचंच चालते. अन् तिनं सकाळी एक सांगतलं अन् दुपारी दुसरं, त दुपारचं खरं."

"तू लग्न झाल्यापासून हुशार झाला," कृष्णराव म्हणाले.

दरवर्षी मे महिन्यात छाटणी व्हायची. कृष्णराव नाव वाचायचे, चिठ्ठी बघायचे, बोलायचे. घनश्याम ऐकायचा आणि फाडायचा. बारा वर्षांत एकाही साहेबानं त्यात खोट काढली नाही. खोट काढायला आधी आत यावं लागतं, आणि आत धूळ फार.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात, सोमवारी, चंद्रभागाबाई आली. आंधळगावच्या पुढं टेमनटोला म्हणून लहानसं गाव, तिथली. वय पन्नाशीचं, नवरा जाऊन सहा वर्षं, तलावाखाली शेवटाला दोन एकर धानाच्या बांध्या. तलावातून निघालेला पाट धनीरामच्या शेतातून तिच्या बांध्यांत यायचा. धनीरामनं उन्हाळ्यात नांगर घालून तो बुजवला. म्हणाला, पाट माझ्या बापाच्या मेहरबानीचा होता, हक्काचा नव्हता.

"हक्काचाच होता जी," ती म्हणाली. "चोपन साली माया सासऱ्यानं केस केली होती. साहेबानं लिहून देल्लं, का हा पाट कोणी बुजवू नोये. घरची नक्कल वाळवीनं खाल्ली. मले दुसरी पाहिजे. बुधवारी साहेबापुढं तारीख हाय. धान निसवाले आला, बाबूजी. एक पाणी भेटलं त दाना भरते. नाई भेटलं त नुसतं तनस, ढोरापुढं टाकाले."

गावातले कोणी साक्ष देतील का, असं कृष्णरावांनी विचारलं. पण ज्यांना माहीत होतं ते मेले होते, आणि जे जिवंत होते त्यांच्या बांध्या धनीरामच्या बांध्यांना लागून होत्या.

"बसा बाई," ते म्हणाले. "तिसरी रॅक, दुसरा कप्पा, उजवीकडून पाचवा. मौजा टेमनटोला, तलाव, पाटाचा वाद, एकोणीसशे चोपन्न. पानं एकतीस. उद्या दुपारपर्यंत नक्कल हातात."

बाईनं पिशवीतून दोन सीताफळं काढून टेबलावर ठेवली. कृष्णरावांनी ती नको म्हटली, मग घेतली.

घनश्यामनं बस्ता आणला. कापड सोडलं. फाईली एकेक करून बाजूला ठेवल्या. शेवटची ठेवून झाली तरी चोपन्नची आली नाही. कृष्णरावांनी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांचा हात मध्येच थांबला, आणि त्यांनी तळाशी घडी करून ठेवलेली चिठ्ठी काढली.

चिठ्ठीत पाच ओळी होत्या. दुसरी ओळ त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईनं: तलाव व पाट, हक्काचे कागद, कायम. पाचवी, अगदी काठाला दाटून, काळ्या शाईनं: तलाव, सर्व, एक वर्ष.

अठ्ठ्याहत्तर साली टेमनटोल्याच्या तलावातल्या मासोळीच्या लिलावाचे कागद साचले होते. दर लिलावाला नोटीस, दवंडीचा दाखला, हरलेल्याची तक्रार. बस्त्याचं कापड पुरेना. हे कागद वर्षभरात काढून टाकावेत म्हणून कृष्णरावांनी ती ओळ लिहिली. 'मासोळी लिलाव' एवढं लिहायला काठाला जागा नव्हती. मोठ्या कागदावर चिठ्ठी नव्यानं लिहायची तर पाच मिनिटांचं काम. पण त्या दिवशी कृष्णरावांना वरठी स्टेशनावर गाडी धरायची होती. साल्याचं लग्न होतं.

"घनश्याम," त्यांनी हळू विचारलं, "एकोणऐंशीच्या छाटणीत हा बस्ता..."

घनश्याम दाराशी उभा होता. तो तिथून जवळ आला नाही.

"मी म्हटलं होतं, बाबूजी. म्हटलं होतं, वरतं कायम लिवलं हाय, मंग कायले फाडता? तुमी म्हटलं, मूर्खा, आठ वर्सं झाले तुले शिकवून रायलो, खालची ओळ खरी. मंग फाडली."

कृष्णरावांना ते आठवलं. घनश्यामला मूर्ख म्हणताना चष्मा कसा पुसला होता तेसुद्धा आठवलं. चूक दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी ती पाच मिनिटांत शोधून दिली असती. इथं शोधायला काही नव्हतं. रीत त्यांची, ओळ त्यांची, आवाज त्यांचा. आणि रीत तर अचूक चालली होती.

चंद्रभागाबाईला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. एवढा एक धीर त्यांच्या नावावर लिहायला हरकत नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, शोध चालू आहे, पुढच्या महिन्यात या.

बाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "कागद गेला त गेला. तुमी त हाय ना जी? तुमच्याच हाताखाली होता तो. बुधवारी साहेबापुढं येऊन सांगा, का असा कागद होता."

"आपल्याच चुकीची साक्ष?" कृष्णराव म्हणाले. "बाई, माझी पेन्शन दोन वर्षांवर आहे."

"माया धान आठ दिवसांवर हाय," बाई म्हणाली.

मंगळवारी रात्री ते जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं. बुधवारी धुतलेला शर्ट घालून ते साहेबांसमोर उभे राहिले, तेव्हा आम्ही सगळे कारकून कामाचं निमित्त काढून दाराशी जमलो. कृष्णराव स्वतःविरुद्ध बोलणार, हे बघायचं कोण चुकवील?

धनीराम समोरच्या बाकावर बसला होता. चांगला माणूस होता, गावच्या सप्त्याला पोत्यानं तांदूळ द्यायचा. बाईला बघून उठला. "काकी, बसा. माया काही राग नाई तुमच्यावर. कागद दाखवा, उद्याच पाट मोकळा करून देतो."

साहेबांनी विचारलं, "अशी फाईल होती?"

"होती, साहेब. मौजा टेमनटोला, तलाव, पाटाचा वाद, एकोणीसशे चोपन्न. तिसरी रॅक, दुसरा कप्पा."

"आता कुठे आहे?"

"नष्ट झाली. माझ्या हातून. ती कायम ठेवायची होती. चिठ्ठीतली ओळ मी चुकीची लिहिली."

दाराशी कुजबुज झाली. साहेबांनी वर बघितलं, कुजबुज थांबली. साहेब तरुण होते, नागपूरचे, आणि मनानं बाईच्या बाजूचे दिसत होते. त्यांनी पेन उघडला.

"ठीक आहे. तुमची साक्ष मी घेतो. आदेशात काय लिहिलं होतं ते सांगा. पाट कोणत्या बांधाच्या कडेनं? रुंदी किती? हक्क कायमचा होता, की तेवढ्या हंगामापुरता? एवढं सांगितलंत तरी मला काही करता येईल."

कृष्णरावांनी चष्मा काढून पुसला.

"तीस वर्षं तुमच्या ताब्यात होती ना फाईल?"

"एकवीस, साहेब. मी अठ्ठावन्नला लागलो."

"एकवीस वर्षांत आत काय लिहिलंय ते बघितलं असेल."

"पानं एकतीस होती," कृष्णराव म्हणाले. "वर निळा पुठ्ठा होता. सुतळी पिवळी."

"आत काय होतं?"

चंद्रभागाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. धनीरामसुद्धा.

"आत मी कधी बघितलं नाही, साहेब. नाव बघायचं, ठेवायची की काढायची ते बघायचं. आत बघायचं काम पडलं नाही."

साहेबांनी पेन तसाच उघडा धरून थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी लिहिलं, की अर्जदार बाईनं हक्काचा पुरावा दिला नाही, रेकॉर्डकीपरच्या साक्षीतून आदेशाचा मजकूर सिद्ध होत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येतो. रेकॉर्डकीपरकडून खुलासा मागवण्यासाठी दुसरा कागद त्यांनी वेगळा काढला.

बाहेर व्हरांड्यात कृष्णराव बाईच्या मागं गेले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. बाई वळली.

"एक डाव तरी वाचाचं होतं, बाबूजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना पाय उचलून आत जाणं सोपं गेलं असतं.

आंधळगावकडे दुपारची एकच एस.टी. होती. ती गच्च भरलेली. धनीरामनं आधी चढून खिडकीजवळ काकीसाठी रुमाल टाकून जागा धरली होती. चंद्रभागाबाई दांड्याला धरून थोडी उभी राहिली. मग गाडी हलली, आणि पाय थकले होते, म्हणून ती त्याच्याजवळ बसली.

"काकी," वाटेत धनीराम म्हणाला, "यंदा कापणीले मजूर भेटून नाई रायले. तुमच्या बांध्यांत काम नसंल, त माया इथं येजा."

खिडकीतून एक तलाव मागं गेला, काठोकाठ भरलेला. त्याच्या पाळीवर बगळे उभे होते.

"कधीपासून?" बाईनं विचारलं.