तीनशे पत्रकं आणि माझा नंबर

हेमाने मला न विचारता माझा फोन नंबर छापला. गुलाबी कागदाची तीनशे पत्रकं. वर 'उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे मिळतील', खाली तिचं नाव, मांडवीचा पत्ता आणि माझा नंबर, पुढे 'पी.पी.'. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलवून देतील. सकाळी पेपर उघडला तर पत्रक मांडीवर पडलं. सात वर्षं नंबर लावून मिळालेला फोन, अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत घरात आला, आणि जानेवारीत त्यावर शेजारणीचे मोदक. माझं डोकंच फिरलं.

बोललो मात्र नाही. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. माघी गणपतीपर्यंत या धंद्याने जीव धरला नाही तर बिऱ्हाड उचलून नालासोपाऱ्याला दिराकडे जायचं, हे ती गोदूजवळ बोलली होती. गोदू म्हणजे माझी बायको.

मी वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. तीस वर्षं बाजारातले तराजू तपासले, पण कुठल्या दुकानात चहाचा घोट घेतला नाही. जो विकतो त्याच्याकडचं तोंडात घालायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे हेमाने वाटीतून आणलेले दोन मोदक मी आल्या पावली परत पाठवले. घरातही माझं तेच. पानातलं उणं तेवढं मला दिसतं. गोदू वाढून समोर उभी राहते, मी 'मीठ कमी आहे' म्हणतो, नाहीतर गप्प जेवतो. मग ती आत जाते.

पहिल्या आठवड्यात चार फोन आले. चौघांनीही भाव विचारला आणि ठेवून दिला. पाचवा साळवी स्टॉपहून, राही नावाच्या बाईचा. त्यांच्या घरी माघी गणपती असतो, दोनशे एक मोदक हवे होते. हेमा पिठाच्या गिरणीत गेली होती, म्हणून मीच बोललो.

"कसे असतात हो मोदक?" तिने विचारलं.

"मी खाल्लेले नाहीत. सांगू शकत नाही."

"शेजारी असून?"

"हो."

तिने फोन ठेवला. हेमा परत आल्यावर मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं काही कारण नव्हतं. ती पिठाचा डबा मांडीवर घेऊन पायरीवरच बसली.

"अण्णा, माझ्याजवळ तीनशे कागदांपुरतेच पैसे होते," ती म्हणाली. "फोन काय, समोरच्या रावजींकडेपण आहे. पण ते सगळ्यांनाच गोड सांगतात, त्यांचं कोण खरं धरतो? तुम्ही खोटं बोलायचे नाय, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. म्हणून तुमचा नंबर घातला. दुसरी जाहिरात मला परवडणारी नव्हती."

मला लाज वाटली. माझ्या शब्दाला गावात किंमत आहे हे मला माहीत होतं, त्याचा तोराही होता. पण तो शब्द मी आजवर दंड करायलाच वापरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेमाकडून पाच मोदक मागवले. पैसे आधी दिले. ती घेईना, तेव्हा म्हटलं, मग मी खाणार नाही. तिने घेतले. वर तूप घालून मी खायला बसलो. हेमा ताटली न्यायला ओटीवर आली आणि तेवढ्यात फोन वाजला.

"कालचीच मी," राही म्हणाली. "तुम्ही काय बोललात ते घरी सांगितलं. सासरे म्हणाले, मांडवीत असं तोंडावर बोलणारे म्हणजे ते निरीक्षकच. त्यांनी आपल्या दुकानाला दोनदा दंड केलाय. ते चांगलं म्हणाले तर डोळे मिटून घे. आता तरी खाल्लेत का?"

"खाल्ले. दोन मोदकांच्या कळ्या विस्कटल्या होत्या. एकाचं बूड जाड होतं."

हेमाचा चेहरा पडला.

"आणि?" राहीने विचारलं.

इथे मी अडकलो. यापुढचं वाक्य बोलायची मला सवयच नव्हती.

"पण चांगले आहेत," शेवटी मी म्हणालो. "उकड मऊ आहे. सारण गोडमिट्ट नाही. तीनच खाणार होतो, पाचही संपले."

दोनशे एकची ऑर्डर पक्की झाली. हेमाला तसं सांगितलं. पदराने डोळे पुसत ती नारळांची सोय बघायला गेली.

वळून बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात गोदू.

"पस्तीस वर्षं मी मोदक करते," ती म्हणाली. "ते कसे होतात?"

"याहून चांगले." मी लगेच म्हणालो, आणि ते खरंच होतं.

"मग कधी म्हणाला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

गोदूने माझ्यापुढची रिकामी ताटली उचलली.

"दरवेळी वाढून समोर उभी राहत होते," ती म्हणाली, "ते काय होतं मग?"