पुंता क्लबची चार नंबरची जर्सी

मी जर्सी आहे. तुर्कस्तानातल्या इझमिर शहराच्या पुंता फुटबॉल क्लबची, हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, पाठीवर चार नंबर असलेली. वय पंचावन्नच्या आसपास. कोपराला विरले आहे, गळ्याशी पिवळी पडले आहे. तरी कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगते, की मी खरी आहे. आमच्या नावाच्या नकला बाजारात ढिगानं मिळतात. पण त्यातल्या एकीलाही चिखल माहीत नाही.

शहराच्या बासमाने भागातल्या एका विणकाम कारखान्यात माझा जन्म झाला. अकरा बहिणी आम्ही, एकाच दिवशी मशीनवरून उतरलो. नंबर मात्र हातानं शिवले गेले. माझा चार जरा डावीकडे कललेला आहे. शिवणाऱ्या बाईंना तेव्हा कुणीतरी हाक मारली होती.

मला घालणारा साब्री चेतिनेल. बचावाला खेळायचा. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. क्लबात सगळ्या जर्सी एकाच मोठ्या पातेल्यात उकळायचे आणि कुणाची कुठली ते कळायचं नाही. म्हणून साब्रीच्या आईनं माझ्या आतल्या काठाला लाल दोऱ्यानं त्याच्या नावाची दोन अक्षरं घातली. तेव्हापासून मी त्याचीच झाले. तीन हंगाम मी त्याच्या अंगावर होते. दम लागला की तो माझी कड दातात धरायचा. तिथलं सूत अजून चावल्यासारखं आहे.

आता त्या सामन्याचं सांगते. एकोणीसशे सदुसष्टचा मे महिना. हंगामाचा शेवटचा सामना, समोरच्या किनाऱ्यावरच्या क्लबाशी. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात राहणार होतो. सात मिनिटं उरली होती. डावीकडून उंच चेंडू आला. साब्री मागे धावला. अशा वेळी गोलरक्षकानं ‘माझा!’ म्हणून ओरडायचं असतं, म्हणजे बाकीचे बाजूला होतात. आवाज आला नाही. साब्रीनं उडी मारली. चेंडू छातीवर आपटला, म्हणजे माझ्यावरच, आणि आमच्याच जाळ्यात गेला.

मला तो ओला दणका आजही आठवतो.

आम्ही हरलो, खालच्या गटात गेलो. त्या संध्याकाळी साब्रीनं मला क्लबात परत केलंच नाही. कोटाखाली घालून घरी आणलं आणि रजयांच्या पेटीत अगदी तळाशी ठेवलं. तो पुन्हा खेळला नाही. बंदरावर नोकरी धरली, लग्न केलं, मुलगी झाली. त्या घरात रेडिओवर कधी सामना लागला नाही. पण त्यानं मला फेकलंही नाही. दर शरदात रजया बाहेर निघायच्या, तेव्हा त्याचा हात एकदा माझ्यापर्यंत यायचा, काठावरची अक्षरं चाचपायचा, आणि पेटी बंद व्हायची. चव्वेचाळीस वर्षं हे असंच चाललं.

तो गेल्यावर घर रिकामं झालं. रजया भंगारवाल्याकडे गेल्या, त्यांच्यासोबत मीही. जुन्या बाजारात एका तुटक्या ग्रामोफोनवर मला कुणीतरी झाकण म्हणून टाकलं. तिथंच मला पेरानताई भेटल्या.

पेरानताई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर पुंताच्या जुन्या जर्सी गोळा करायला लागल्या. या छंदात सगळे पुरुष. ते चहाच्या टेबलावर त्यांना चिडवायचे.

“ताई, ऑफसाइड म्हणजे काय, तेवढं तरी सांगा!” युक्सेल म्हणायचा. तो क्लबाच्या समितीवर होता.

“तू सांग ना. पण आधी ही शिवण हाताची की मशीनची, ते सांग.”

युक्सेल जर्सी उलटीसुलटी करायचा, डोकं खाजवायचा आणि चहा मागवायचा.

पेरानताईंनी मला उलटं केलं, लाल दोरा पाहिला आणि भाव न करता पैसे काढून दिले. त्या हंगामाच्या अकरापैकी दहा त्यांच्याकडे होत्या. मीच तेवढी राहिले होते. सोळा वर्षं शोधत होत्या मला.

मग क्लबानं प्रदर्शन ठरवलं. युक्सेल खुशीत होता. “चार नंबर मधोमध लावू. खाली लिहू, ‘स्वतःच्याच जाळ्यात गोल मारणारा साब्री’. लोक फोटो काढायला रांग लावतील.”

“आधी त्याच्या घरच्यांना विचारते,” पेरानताई म्हणाल्या.

“त्यात काय विचारायचं? अख्ख्या शहराला माहीत आहे.”

“म्हणूनच.”

साब्रीची मुलगी नेर्मिन शहराच्या बोर्नोवा भागात बेकरी चालवते. मला पिशवीत घालून पेरानताई तिथं गेल्या. नेर्मिननं पिठाचे हात पुसले, मला पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

“जाळून टाका ती. शाळेत मला नावानं कुणी हाक मारली नाही, ‘उलट्या गोलाची पोर’ म्हणायचे. बाबांना दफन करून परतताना कब्रस्तानाच्या दारात कुणीतरी म्हणालं, ‘साब्री बरोबर बाजूनं गेला ना रे?’ आणि लोक हसले. बाबांच्या मातीला हसले, ताई!”

 पेरानताईंनी काठ उलटून ती लाल अक्षरं दाखवली. आजीचा टाका नेर्मिननं ओळखला. लहानपणी तिच्या सगळ्या फ्रॉकांना तसाच टाका होता.

“येईन,” ती शेवटी म्हणाली. “फक्त बघायला.”

प्रदर्शनाच्या दुपारी मी मधोमध टांगलेली होते, पण खाली पाटी नव्हती. पेरानताईंनी युक्सेलची पाटी काढून पर्समध्ये टाकली होती. नेर्मिन दाराशीच उभी राहिली. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. मी त्यांना लगेच ओळखलं. हिदायेत, आमचा गोलरक्षक. ते माझ्यासमोर थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

“तुम्ही ओळखत होता बाबांना?” नेर्मिननं जवळ येऊन विचारलं.

“तू साब्रीची?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “पोरी, मी ओरडलोच नाही. ऊन डोळ्यांवर होतं, चेंडू मला दिसलाच नाही. मी ओरडलो असतो तर तो बाजूला झाला असता. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले, आणि मी खाली बसून बुटाची नाडी सोडत राहिलो.”

“बाबांना माहीत होतं?”

“होतं तर. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं होतं. पुढच्या हंगामासाठी माझा करार व्हायचा होता, घरी पाच भावंडं होती. त्याला ते ठाऊक होतं. एका शब्दानं बोलला नाही.”

“त्यांना दफन केलं तेव्हा आला होतात?”

“मागच्या रांगेत होतो.”

“म्हणजे दारातलं ते बोलणं ऐकलंत.”

“ऐकलं.”

“आणि तेव्हाही गप्प बसलात.”

हिदायेतकाकांनी मान हलवली. त्यांचे डोळे वाहत होते. नेर्मिनचे कोरडे होते. तिनं त्यांना खुर्ची दिली नाही की पाणी दिलं नाही. हॉलमध्ये जमलेल्या माणसांकडे बोट दाखवून म्हणाली, “मला सांगून काय उपयोग, काका? त्यांना सांगा.”

आणि ते पुढे गेले. युक्सेलच्या हातातला माइक घेतला. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला. बावन्न वर्षांपूर्वी जे ओरडायचं राहिलं होतं, तिथून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. ऊन, नाडी, करार, मागची रांग. कुणी हसलं नाही. युक्सेल खाली मान घालून उभा होता. मी खिळ्यावर टांगलेली होते, पण इतकी सरळ मी इस्त्रीखालीही कधी झाले नसेन.

लोक पांगल्यावर पेरानताईंनी मला काढलं, घडी केली आणि नेर्मिनच्या हातात दिली. “तुझी आहे.”

“तुमच्या अकरा अपुऱ्या राहतील.”

“राहू देत.”

नेर्मिननं मला छातीशी धरलं. बराच वेळ. मग परत देत म्हणाली, “बाबा आयुष्यभर पेटीत राहिले. हिला पेटीत नको. इथं राहू दे, लोकांसमोर. पाटी मात्र मी लिहीन.”

पाटीवर तिनं फक्त पूर्ण नाव लिहिलं आणि हंगाम.

आता मी बहिणींसोबत काचेमागे असते. पेरानताई मला धूत नाहीत, डागांना हात लावू देत नाहीत. हिदायेतकाका अधूनमधून येतात. नेर्मिन असली तर दोघं मान हलवतात, एवढंच. ती त्यांना माफ करेल की नाही, मला माहीत नाही. तो तिचा प्रश्न आहे.

जुन्या जर्सी गोळा करणाऱ्यांनो, माझं एक ऐका. तुम्ही वर्ष विचारता, कापड विचारता, नंबर खरा की खोटा ते विचारता. घालणारा कोण होता, तेही विचारा. आणि जरा लवकर विचारा. आम्हा अकराजणींना घालणाऱ्यांपैकी आता तिघंच उरले आहेत. माझ्या शेजारच्या सात नंबरचे गृहस्थ जवळच्या मनिसा शहरात असतात. त्यांना ऐकू कमी येतं म्हणे, पण आठवतं सगळं. मंगळवारी सकाळी पेरानताई त्यांच्याकडे निघाल्या आहेत. बसची वेळ त्यांनी विचारून ठेवली आहे.