मोहोरबंद फाइल

संचालकबाईंनी अर्जाचं तिसरं पान उचललं आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. खाडाखोड कुठेच नव्हती. शाई एकसारखी, अक्षर गोलसर, एकही रकाना मोकळा नाही. तरीही शालान्त परीक्षेच्या ओळीवरून त्यांचं बोट पुढे सरकेना. परीक्षेच्या वेळचं वय अठरा. केंद्र क्रमांक चारशे सतरा.

दुसऱ्या कुणाच्या नजरेला तो आकडा सहज निसटला असता. पण बाईंनी उमेदीच्या काळात सरकारी संस्थांच्या तपासण्या करत तीन वर्षं काढली होती. चारशे सतरा हे केंद्र शहराबाहेरच्या मुलांच्या सुधारगृहात होतं. उंच भिंतीच्या आत, कुलपाच्या दोन दारांपलीकडे. तिथे बाहेरचा विद्यार्थी परीक्षेला बसत नसे.

शिक्षा झालेल्यांना तुरुंगात न धाडता बाहेर ठेवायचं आणि त्यांच्यावर देखरेख करायची, हे त्यांच्या खात्याचं काम. दोनशे अधिकारी, देखरेखीखाली अकरा हजार माणसं, आणि या सगळ्याच्या प्रमुख त्या. उपसंचालकाची जागा सहा महिने रिकामी होती. उपसंचालक म्हणजे उद्या आपल्या खुर्चीत बसणारा माणूस, हे त्या जाणून होत्या. मुलाखती सोमवारी होत्या आणि निवड समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. अर्ज सहा आले होते, पण ऑफिसने निवड केव्हाच करून टाकली होती. पूर्व विभागाचे प्रमुख. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण नवा अधिकारी रुजू झाला की ते त्याला स्वतःच्या टेबलाशेजारी बसवून अहवाल कसा लिहायचा ते शिकवत.

अर्ज त्याच मास्तरांचा होता.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती काही आजच नव्हे. मास्तरांच्या विभागातून परत तुरुंगात जाणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यांत कमी होतं. इतकं कमी, की कौतुकाच्या आधी डोळ्यांत खुपावं. हजेरी चुकवणारी माणसं त्यांच्या विभागात जवळजवळ नव्हतीच. वरच्यांनी पाठ थोपटली, पण बाई गेल्या वर्षभरात दोनदा न सांगता तिकडे जाऊन हजेरीची रजिस्टरं पाहून आल्या होत्या. हाती काही लागलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच त्यांना सारखं वाटत राहिलं.

त्यांचे यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. ही आपल्या पाहुण्यांचीसुद्धा आधी जबानी घेते आणि मग चहा विचारते, असं ते चारचौघांत सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेडला लोणी लावता लावता त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुरी पुसून ठेवली आणि विचारलं,

"तुला तो माणूस नकोय, की त्याचं अठरावं वर्ष?"

बाई उठल्या. डबा भरला आणि निघाल्या.

नियम त्यांना तोंडपाठ होता, कारण त्याचा मसुदा त्यांनीच केला होता. अठरा वर्षांच्या आत केलेला गुन्हा शिक्षा पुरी झाली की मोहोरबंद होतो. अर्जात तो सांगायची सक्ती नाही आणि तो विचारायची कुणाला मुभा नाही. फाइल उघडायची ती फक्त देखरेखीच्या कामासाठी, तीही संचालकांच्या सहीने. आणि उघडली, की ती ज्याची असेल त्याला तसं पत्राने कळवायचं. खात्याची पत्रं सुटायला पंधरा-वीस दिवस लागत. तोवर सोमवार होऊन गेलेला असेल, हा हिशेब बाईंनी जिन्यातच करून ठेवला होता.

तळमजल्यावर रेकॉर्ड सांभाळणारे काका निवृत्तीला आलेले होते. त्यांनी फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात बाईंनी 'प्रशासकीय पडताळणी' असं लिहिलं. मास्तरांनी पुढे आईचं आडनाव लावलं होतं, त्यामुळे जुनं नाव शोधायला अर्धा तास गेला. फाइल हातात देताना काकांनी फॉर्म पुन्हा एकदा वाचला, चष्मा काढला आणि हा फॉर्म वर मुख्यालयाला पाठवावा लागेल, असं हळूच सांगितलं. पाठवा की, बाई म्हणाल्या.

फाइल पातळ होती. सोळा वर्षांचा मुलगा. आणखी दोघांबरोबर त्याने विजेच्या सामानाचं दुकान फोडलं होतं. राखणदार आडवा आला, झटापटीत त्याचा हात मोडला. हात कुणी मोडला ते तिघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. मग कोर्टाने मागवलेला घरच्या परिस्थितीचा अहवाल. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला.

'घरभेटीच्या वेळी आई हजर नव्हती. घरात कोणीही जबाबदार व्यक्ती आढळली नाही. शेजाऱ्यांच्या मते मुलगा दिवसभर मोकळा फिरतो. केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप दिसला नाही. घरी ठेवून देखरेख करणे शक्य नाही. बंदिस्त संस्थेत ठेवावे.'

आटोपशीर अहवाल, त्यांच्या मनात आलं. एक शब्द जास्तीचा नाही, कुठे डळमळीतपणा नाही. लिहिणाऱ्याला आपलं काम येत होतं.

त्यांनी पान उलटलं. खाली सही होती. माहेरच्या आडनावाची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. लग्नाआधी त्या तशी सही करत.

बाई स्टुलावर बसल्या. काकांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि काही न विचारता रॅकपलीकडे गेले.

त्यानंतरचे दोन दिवस बाई नेहमीसारख्याच दिसत होत्या. बैठका घेतल्या, तुरुंग अधीक्षकांशी फोनवर वाद घातला, दोन बदल्यांवर सह्या केल्या. पण मास्तर कॉरिडॉरमध्ये दिसले की त्यांची नजर त्यांच्या हातांवर जाई. मास्तर इथे बदली मागून आले होते, चार वर्षांपूर्वी, स्वतःहून. तुमच्या हाताखाली काम करायची इच्छा आहे, असं तेव्हा म्हणाले होते आणि बाई मनातून सुखावल्या होत्या. आता ते वाक्य त्या पुन्हा पुन्हा उलटून पाहू लागल्या. कोर्टात अहवाल मोठ्याने वाचला जातो. म्हणजे नाव त्याने ऐकलं असणार, चेहराही पाहिला असणार. चार वर्षं हा माणूस रोज समोर येऊन नमस्कार करतोय आणि एका शब्दाने बोललेला नाही. असा माणूस कशाची वाट बघत असतो? बाईंना एकच उत्तर सुचत होतं, आणि ते त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसलेलं दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मास्तरांनी दारावर टकटक केली. त्यांच्या हातात खात्याचं पाकीट होतं. काकांनी पत्र त्याच दिवशी सोडलं होतं.

बाईंनी खुर्ची दाखवली. मास्तर बसले, पाकीट मांडीवरच ठेवलं. बाईंनी मनाशी वाक्यं तयार केली होती. तो पद मागेल. आपण ऐकून घेऊ. हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही, दुपारपर्यंत वेळ मागून घेऊ.

"तुम्हाला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"काही नको. सांगायला आलो." मास्तर म्हणाले. "मी तक्रार केलीय. मुख्यालयाकडे. नऊ वाजता हाताने देऊन आलो."

बाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं.

"मुलाखत सोमवारी आहे."

"म्हणून तर आज केली. सोमवारनंतर केली असती, तर पद मिळालं नाही म्हणून केली असं झालं असतं. आणि पद मिळालं असतं, मी गप्प बसलो असतो, तर तुम्ही रोज माझ्या तोंडाकडे बघत बसला असता, की हा तक्रार आता करतोय का मग."

त्यांच्या आवाजात ताव नव्हता. नव्या अधिकाऱ्याला अहवालातली चूक दाखवावी तसे ते बोलत होते. बाईंना आणखी एक गोष्ट उशिरा उमगली. फाइल आपली आहे हे सांगितल्याशिवाय तक्रार करता येत नाही. म्हणजे तेवीस वर्षं झाकून ठेवलेलं या माणसाने आज सकाळी स्वतःच्या हाताने काउंटरवर ठेवलं होतं, मुलाखतीच्या तीन दिवस आधी.

"समितीला कळणार आता," त्या म्हणाल्या.

"कळेल."

"मग केलीत कशाला?"

"दुसऱ्या कुठल्या पोराची फाइल अशी उघडली असती तर मी त्याला तक्रार करायला लावलंच असतं."

बाहेर झेरॉक्स मशीन सुरू झालं आणि बंद पडलं. बाईंनी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं.

"इथे का आलात? माझ्या हाताखाली?"

मास्तरांनी पाकिटाचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

"खरं सांगू का? बघायचं होतं, तुम्ही अजून तसंच लिहिता का. वर्षभरात बदली मागून परत जाणार होतो. मग काम आवडलं, राहिलो."

"आणि? लिहिते का?"

मास्तरांनी पाकीट पुन्हा मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "तेव्हा तुम्ही बुधवारी येणार होतात घरी. आईने बुधवारची सुट्टी मागून घेतली होती. लॉन्ड्रीत होती ती, इस्त्रीवर. दिवसभर वाट बघितली तिने. तुम्ही गुरुवारी आलात." ते उठले. "अहवालात तारीख बरोबर आहे. गुरुवारचीच आहे."

दार लागल्यावर बाई बराच वेळ आठवत राहिल्या. गल्ली, जिना, दार, दारातलं पोर. काही म्हणजे काही आठवेना. त्या वर्षी त्यांनी असे तीनशेच्या वर अहवाल लिहिले होते. कोणतीही शिक्षा झाली असती तरी त्यांना ती इतकी लागली नसती, जितकं हे न आठवणं लागलं.

दुपारी मुख्यालयातून फोन आला. बाईंनी समितीतून बाजूला व्हावं, चौकशी पुढच्या आठवड्यात सुरू होईल, तोवर फक्त रोजचं काम पाहावं. मात्र सहाही उमेदवार त्यांच्याच हाताखालचे, त्यामुळे वरिष्ठ म्हणून प्रत्येकाबद्दलचा गोपनीय अभिप्राय आज पाचच्या आत हवा होता. मास्तरांचाही का, असं बाईंनी विचारलं. पलीकडच्या माणसाने कागद चाळला. तक्रारीत उमेदवाराने स्वतःच तसं लिहून दिलंय, तो म्हणाला. अभिप्राय बाईंचाच असावा.

त्यांनी फोन ठेवला आणि फॉर्म मागवले. पाच जणांचे चटकन झाले. मेहनती, वक्तशीर. हाताखालच्यांशी संबंध चांगले. निर्णय घ्यायला कचरतात. सहावा फॉर्म त्यांनी शेवटी ओढला. उमेदवाराला आपण किती वर्षांपासून ओळखता? बाईंनी 'चार' लिहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं, ते खोडलं आणि वर 'तेवीस' लिहिलं. मग तेही त्यांनी बराच वेळ पाहिलं. 'ओळखता' या शब्दाखाली पेनाची बारीक रेघ ओढून पुढच्या रकान्याकडे वळल्या.

पावणेपाचला टपाल नेणारा कारकून आला. पाच फॉर्म त्याने मोजून घेतले, सहाव्याकडे मान वाकवून पाहिलं आणि अदबीने सांगितलं, की त्या रकान्यात दोन ओळी पुरतात, बाकीच्यांच्या दोनच आहेत.

"याला पुरणार नाहीत," बाई म्हणाल्या. "मला कोरे कागद आणून दे."

"किती आणू?"

बाईंनी घड्याळ हातातून काढून टेबलावर उपडं ठेवलं.

"आण. लागतील तितके घेईन."