धबधब्याआडची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, हे मला मुद्दाम सांगावे लागते. कारण तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात, तरी तुम्हाला काठी दिसणार नाही. दिसेल तो कापडाच्या चिंध्यांचा ढीग. लाल, निळ्या, पांढऱ्या आणि काही इतक्या विटलेल्या, की त्यांचा रंग मलाही आता आठवत नाही. डोंगरातल्या एका गुहेच्या तोंडाशी, धबधब्याच्या आड, खडकाच्या फटीत मी उभी आहे. समोर दिवसभर पाणी कोसळत असते. माणूस अगदी जवळ आला, तरच त्याचे बोलणे माझ्या कानी पडते.

माझा जन्म खालच्या अक्रोडाच्या जंगलाच्या वर झाला. मोठी झाडे संपतात तिथे इर्गाय नावाचे झुडूप वाढते. दिसायला किरकोळ, पण लाकूड असे चिवट, की आमच्याकडे घोड्याच्या चाबकाची मूठ त्याचीच करतात. मामाशारीप नावाच्या गावकऱ्याने मला तिथून तोडून आणले. त्याची बायको सालकीनाय त्या शरद ऋतूत अक्रोड झोडपताना झाडावरून पडली होती आणि डाव्या खुब्यात कायमची अधू झाली होती. मामाशारीपला उंचावर भोवळ यायची, म्हणून घरात झाडावर चढायचे काम तिचेच होते. त्या गोष्टीचा सल त्याला शेवटपर्यंत राहिला. तो बोलून दाखवत नसे, पण मला घडवताना त्याचा हात हलका का झाला होता, ते मला ठाऊक आहे.

त्याने मला गोवऱ्यांच्या धुरात शेकले, मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, गुडघ्यावर दाबून दाबून माझा वाकडेपणा काढला. टोकाला लोखंडी टोपी बसवली. मग सालकीनायला अंगणात उभे करून माप घेतले.

"अजून बोटभर काप," ती म्हणाली.

"एकदा कापली की परत वाढत नाही, म्हातारे. आधी नीट उभी राहा बघू."

"नीट उभं राहता आलं असतं, तर काठी कशाला मागितली असती रे, म्हाताऱ्या?"

त्याने बोटभर कापले. तिच्या वाकड्या खुब्याला माझ्याइतकी बेतशीर काठी साऱ्या गावात दुसरी नव्हती.

सालकीनाय दर गुरुवारी ही गुहा झाडायला वर जायची; पूर्वी एका अवलियाने इथे दुआ मागितली, म्हणून लोक तिला पवित्र मानतात. तिच्या सासूचे हे काम होते, ते तिच्याकडे आले होते. वाटेत शहरातून आलेले लोक भेटले, तर त्यांनाही घेऊन जायची. मित्रांनो, ती अठरा वर्षे माझी खरी वर्षे. आधी अक्रोडाची सावली, मग दोन दगडांवर पाय देऊन ओढा, मग घसरत्या खड्यांची चढण, मग जुनिपरची वेडीवाकडी झाडे आणि शेवटी धबधब्यामागची ती अरुंद, ओली कड. तिथे मी पुढे जायची. ठक ठक करून कोणता दगड पक्का, कोणता डगमगता, ते मी सांगायची आणि मगच ती पाऊल टाकायची. मागच्या पाहुण्यांना ती ओरडून सांगायची, "काठी टेकली तिथंच पाय ठेवा! आणि दादा, ते चकचकीत बूट लग्नाला घालायचे होते, डोंगरावर कशाला मिरवताय?" लोक हसायचे. कुणी मला नावाजायचे. एका पाहुण्याने मला विकत मागितले, तेव्हा ती म्हणाली, "त्यापेक्षा माझा पायच न्या की." मला काय अभिमान वाटला होता!

मग मामाशारीप गेला. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सालकीनाय एकटीच वर आली. दुआ मागायला दोन्ही तळवे उघडे हवेत, म्हणून तिने मला या फटीत उभे केले. ती बराच वेळ बसली होती. तेवढ्यात वरच्या बाजूला ढग फुटला. गावातले दोन पुरुष धावत आले, "आपा, लोंढा येतोय, चल!" असे ओरडले आणि एकाने तिला पाठीवर घेतले. "माझी काठी!" ती ओरडली. एवढे मी ऐकले. मग पाणी आले, चढणीची वाट खरवडून निघाली आणि पाठोपाठ हिवाळा आला.

सारा हिवाळा मी इथे एकटी उभी होते. धबधबा गोठला, तेव्हा पहिल्यांदाच सगळे शांत झाले. ती शांतता मला त्या आवाजाहून जड गेली. एक गोष्ट मनाशी धरून मी दिवस काढले. बर्फ वितळले, की ती येणार होती.

पण ती यायच्या आधी दुसरेच लोक आले. दूरच्या खोऱ्यातले होते, त्यांना काय ठाऊक! लोंढ्याने वाट नेली, खडक नेले आणि एक काठी मात्र ताठ उभी! त्यांनी तोंडात बोटे घातली. कोणी म्हणाले, अवलिया इथे दुआ मागून गेला, त्याची ही खूण. एका बाईने रुमालाची पट्टी फाडून मला बांधली. आमच्याकडे पवित्र जागी अशी पट्टी बांधून मागणे मागतात. एक गाठ दिसली, की दुसरी बांधायला कोणी विचार करत नाही.

खोटे कशाला बोलू? पहिले काही आठवडे मला बरे वाटले. काठीच्या जातीला एवढा मान कोण देतो?

जूनमध्ये सालकीनाय आली. तिच्या हातात फरशी पुसायच्या फडक्याचा दांडा होता. गुहेपाशी तेव्हा उम्सुनाय नावाची बाई बसली होती. तिचा मुलगा रशियात बांधकामावर गेला होता आणि वर्षभर त्याचा फोन नव्हता. सालकीनायने चिंध्यांतून मला ओळखले आणि ती खळखळून हसली.

"अगं बाई, हे काय नटवलंय माझ्या काठीला!"

तिने हात पुढे केला. उम्सुनाय मध्ये आली.

"आपा, हात लावू नका! ती अवलियाची आहे."

"कसला अवलिया? माझ्या म्हाताऱ्यानं केलीय ती. झाडावर चढायला घाबरायचा, तो कसला आलाय अवलिया!"

"आपा, तुमच्या पाया पडते. माझ्या पोराची गाठ आहे तिच्यावर. तुम्ही ती खाली नेलीत आणि त्याला काही झालं, तर मी कुणाकडं बघायचं?"

सालकीनाय हसायची थांबली. तिने उम्सुनायकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. तिचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मग तो खाली गेला.

"राहू दे तर," ती म्हणाली. "पोरगा आला की नेईन."

तो दांडा टेकत ती कडेवरून गेली. त्याला लोखंडी टोपी नव्हती. ओल्या दगडावर तो सरकत होता आणि मी नुसती पाहत होते.

पोरगा आला का, मला कळले नाही. उम्सुनाय परत आली नाही. सालकीनायही गुरुवारची येईनाशी झाली. गुहेत पाला साठला. गाठी मात्र वाढत गेल्या. ओल्या कापडाखाली माझी साल सुटू लागली, पोटात बुरशी धरली. लोक माझ्यासमोर रडतात, पण मला हातात कोणी घेत नाही. वर येणारा एखादा म्हातारा कडेवर लटपटतो, खडकात नखे रोवतो. जवळ चांगली काठी उभी आहे, हे त्याच्या मनातही येत नाही.

गेल्या शरद ऋतूत सालकीनाय आली. सहा वर्षांनी. एकटी. तिच्या हातात काहीच नव्हते. कडेवरून ती बसून, सरकत सरकत आली होती. मी मनात म्हटले, झाले, सुटले. आज अडवणारे कोणी नाही. फटीत मी सैल आहे, नुसते उचलले तरी निघेन.

ती माझ्यासमोर उभी राहिली. चिंध्यांवरून तिने बोटे फिरवली.

"इतक्या लोकांनी मागितलं तुझ्याकडं," ती पुटपुटली. "माझीच होतीस ना गं तू? का मीच उगाच म्हणत होते?"

आणि तिने डोक्याच्या रुमालाची कड दातांनी फाडली. ती पट्टी तिने मला बांधली. मग तिने दोन्ही तळवे उघडले आणि माझ्याकडे मागणे मागितले.

"पाय चालत नाही. मला तेवढं सुखरूप खाली पोचव."

मित्रांनो, त्यासाठीच तर मला घडवले होते. मी ओरडले असते, पण लाकडाला आवाज कुठला? ती वळली, कडेवर बसली आणि रिकाम्या हातांनी खडक चाचपत पाण्याआड गेली.

ती खाली पोचली की नाही, मला माहीत नाही. इथे येणारे सगळे मागायला येतात, बातमी कोणी सांगत नाही. म्हणून मी तुम्हाला विनवते. कधी या वाटेने वर आलात, तर मला गाठ बांधू नका. मला उपटा, चिंध्या बाजूला ठेवा, माझ्यावर भार टाकून खाली उतरा आणि जंगल संपताच उजव्या हाताच्या निळ्या फाटकाशी जाऊन सालकीनाय आपाला हाक मारा. आणि दार दुसऱ्या कोणी उघडले, तरी मला परत इथे आणून ठेवू नका. त्या घरात ज्याचा पाय दुखत असेल, त्याच्या हातात द्या.