जवसाचं तेल

"हे काय होय? पाणी होय हे." धोंडबा हटवारने बाटली नाकाशी धरली, एकदा हुंगली आणि कोणी नासकं ताक पाजल्यासारखं तोंड केलं.

"कंडिशनर आहे बाबा," अंकुर मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "पह्यले त्या दुसऱ्या बाटलीनं सीटा साफ करजा, वाळू देजा, अन् मंग हे थोडंसं फडक्यावर घेऊन गोल-गोल फिरवजा. और कुछ नहीं लगाना. तेल-बिल बिलकुल नाही."

"अन् हा ब्रश कोनाचे दात घासाले आनला?"

"सॉफ्ट ब्रश आहे. लेदरवर कोटिंग असते, स्क्रॅच पडते. नाही जमत असन त सांगा, मी अमरदीपच्या दुकानात टाकतो गाडी."

अमरदीपचं दुकान पद्मनाभपूरला होतं. धोंडबा एकदा मुलासोबत तिथे जाऊन आला होता. काचेचं दार, आत गार हवा, आणि दुसऱ्यांच्या गाड्या पुसायला हातमोजे घालून उभी असलेली पोरं. हातमोजे! पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या बॅटरीवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांच्या रांगेवर, जिथे पायाखालचं लोखंड तापून बुटाचा तळ मऊ व्हायचा, तिथे उभी हयात काढलेल्या माणसाला ही पोरं गाड्यांची डॉक्टर असल्यासारखी वाटली. अमरदीपने त्याला समजावून सांगितलं होतं, "अंकल, ये ऊपर से पेंट किया हुआ चमड़ा है, तेल पीता नहीं." धोंडबा त्याच्या तोंडावर हसला होता. चामडं आणि तेल पीत नाही! उद्या म्हणशील, पोट्टं दूध पीत नाही.

अंकुर कामावर गेला आणि धोंडबाने कोहक्यातल्या घरासमोरच्या अरुंद गल्लीत गाडीची चारही दारं उघडून काम सुरू केलं. गाडी अंकुरने रायपूरहून घेतली होती. दुसऱ्या हातची म्हणून घेतलेली, खरं तर तिसऱ्या-चौथ्या हातची. आधीच्या मालकाला धोंडबाने कधी पाहिलं नव्हतं, पण सीटच्या खाचेतून जे निघालं त्यावरून त्या घराण्याची पूर्ण ओळख पटली. भुईमुगाची टरफलं, केसांच्या पिना, चॉकलेटचा चिकट कागद, आणि डोकं टेकायच्या जागी तेलाचा काळा थर. गाडीत बसून खाणारी, खाऊन हात सीटला पुसणारी जात. असल्या लोकांना चामडं कशाला पाहिजे, त्यांनी गोणपाटावर बसावं.

साफ करायची बाटली त्याने वापरली. फेस आला, मळ निघाला, तपकिरी चामडं उघडं पडलं. कडांना रंग उडालेला होता, बसायच्या जागी बारीक भेगा होत्या. कंडिशनरची बाटली मात्र त्याने जिन्याखाली पत्र्याच्या डब्यामागे सारली आणि स्वयंपाकघरात जाऊन जवसाचं तेल मागितलं.

"चटनीसाठी गावाहून आनलं आहे मी ते," गिरजाबाई म्हणाली. "पोरानं नाही म्हटलं ना तेल लावाले?"

"पोराले काय समजते? उद्या त्या सीटवर खानझोडे साहेब बसनार आहे. खानझोडे साहेब! समजलं का?"

गिरजाबाईला समजलं होतंच. लग्न झाल्यापासून ती हे नाव ऐकत होती, आणि त्यातलं निम्मं शिव्यांसकट.

नरहरी खानझोडे हे एके काळी कोक ओव्हनचे मोठे साहेब. धोंडबाचं त्यांच्याबद्दलचं मत पहिल्यापासून पक्कं होतं. थंड केबिनमधून शिफ्ट चालवणारा माणूस, बॅटरीवर यायचा तो नाकावर रुमाल धरून, आणि एकाही कामगाराचं नाव ज्याच्या डोक्यात कधी राहिलं नाही असा. पण याच माणसाने एका इन्स्पेक्शनच्या दिवशी, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर, रांगेत उभ्या धोंडबाच्या पायांकडे बोट दाखवलं होतं. "हे बूट बघा. सगळ्यांना एकच बूट मिळतात, पण हे बघा." बाकीच्यांचे सेफ्टी शूज आचेने तडकलेले, धोंडबाचे काळेभोर, मऊ, आरशासारखे. दर रविवारी तो त्यांना जवसाचं तेल पाजायचा, आत थोडं पॉलिश मिसळून. "काय लावतोस रे?" साहेबांनी विचारलं होतं. "जवसाचं तेल, साहेब."

सगळ्या नोकरीत त्याला मिळालेली शाबासकी ती एवढीच. साहेबाला तो शिव्या घालायचा आणि ही गोष्ट मात्र जपून ठेवायचा. आता निवृत्त होऊन पुण्याला राहणाऱ्या खानझोडे साहेबांचा एक मेला, महाराष्ट्र दिनाला, इथल्या मराठी मंडळाच्या हुडकोतल्या हॉलमध्ये सत्कार होता. त्यांना दुर्ग स्टेशनवरून आणायला चांगली गाडी हवी म्हणून मंडळाने अंकुरला विचारलं होतं. साहेब त्या सीटवर बसतील, तेलाचा वास येईल, चमक दिसेल, आणि ते मागे वळून म्हणतील, अरे, तूच तो बूटवाला! एवढंच धोंडबाला हवं होतं, आणि ते त्याने जीव गेला तरी कोणाजवळ कबूल केलं नसतं.

त्याने तेल कोमट केलं, त्यात तपकिरी बूट पॉलिश विरघळवलं आणि संध्याकाळपर्यंत सीटांना चोळून चोळून पाजलं. भेगा दिसेनाशा झाल्या. दिव्याच्या उजेडात सीटा अशा चमकल्या की शेजारचा मोहितसुद्धा मोटरसायकल थांबवून "वा काका" म्हणून गेला.

सकाळी अंकुरने सीटवर हात फिरवला. "चिकट कावून लागून राह्यलं, बाबा?"

"नवं आहे. वाळते."

"वर टॉवेल टाकू का मंग?"

"साहेब का न्हाव्याच्या दुकानात चालला आहे का?" धोंडबा खेकसला. त्याने ठेवणीतले प्लांटचे बूट घातले होते, शेवटच्या वर्षी मिळालेले.

रेल्वेगाडी उशिरा आली. स्टेशनबाहेर मे महिन्याचं ऊन कारच्या काचांतून आत ओतत होतं आणि बिचाऱ्या सीटा तापून निघत होत्या. साहेब उतरले ते थेट कार्यक्रमाला जायच्या तयारीने, डब्यातच कपडे बदलून: पांढरी पँट, पांढरा शर्ट, वयाने खाली आलेले खांदे. धोंडबा पुढे झाला, नमस्कार केला. साहेबांनी त्याच्या हातात बॅग दिली.

"माझे वडील आहे सर," अंकुर म्हणाला. "कोक ओव्हनमध्ये होते. तुमच्याच अंडर."

"असं का? बरेच होते," साहेब म्हणाले आणि मागच्या सीटवर बसले.

रस्ताभर धोंडबा पुढे बसून मान अर्धी वळवून होता. नेहरूनगर चौकात साहेबांनी नाक हलवलं. "हा वास कसला हो? ओळखीचा वाटतो."

धोंडबा पूर्ण मागे वळला. "जवसाचं तेल, साहेब. ते बूट..." पण साहेबांनी डोळे मिटले होते. म्हातारा झोपलासुद्धा. धोंडबाने मनातल्या मनात त्याला जुन्या शिव्यांतली एक निवडक शिवी घातली.

हॉलसमोर साहेब उतरले. अंकुरने मागचं दार लावताना आत पाहिलं आणि तसाच थिजला. सीटवर जिथे साहेब बसले होते तिथला रंग गेला होता, आणि तो कुठे गेला ते कळायला पुढे पाहायची गरज होती. साहेबांच्या पांढऱ्या पँटला मागून दोन मोठे तपकिरी डाग पडले होते. कसले दिसत होते, ते सांगायला नको.

"बाबा, क्या लगाया आपने?" अंकुरचा आवाज फुटला. "सांगितलं होतं ना मी! एक काम दिलं तुमाले, एक!"

तोवर मंडळाच्या सेक्रेटरी कमलिनीताई साहेबांना हार घालून स्टेजवर घेऊन गेल्या होत्या. साहेब मागच्या भिंतीवरच्या फोटोला नमस्कार करायला वळले आणि हॉलने त्यांची पाठ पाहिली. मागच्या रांगांतून खसखस उठली. पोरांनी मोबाइल वर केले. हेच लोक, ज्यांचे बाप साहेबाच्या केबिनबाहेर सुटीचा अर्ज घेऊन ताटकळत उभे राहायचे, ते आता तोंडावर रुमाल धरून हसत होते.

धोंडबालाही हसू फुटलं. खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं. नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसाची ही दशा! मग त्याच्या शेजारचा एक पोट्टा म्हणाला, "किसी ने गाड़ी में गोबर पोता था क्या?" आणि धोंडबाचं हसू गेलं. तो डाग साहेबाचा नव्हता. ते त्याच्या हातचं काम होतं.

कोक ओव्हनमध्ये एक रीत होती. ज्याने भट्टीचं दार बसवलं त्याच्या दारातून धूर गळला, तर त्यानेच माती घेऊन तिथे उभं राहायचं आणि गळती बुजवायची. पुढच्या शिफ्टवर ढकलायचं नाही. धोंडबा उठला, रांगांमधून वाट काढत स्टेजवर चढला आणि साहेबांच्या अगदी पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"काका, खाली व्हा, कार्यक्रम सुरू आहे," कमलिनीताई दात आवळून म्हणाल्या.

"राहू द्या ताई," तो म्हणाला आणि हलला नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं. साहेबांनी मागे न पाहता नारळ आणि गुच्छ मागच्या माणसाकडे दिला. उभा आहे म्हणजे यासाठीच असणार. धोंडबाने तो घेतला. मग साहेब भाषणाला माइकपाशी गेले, तोही मागोमाग गेला.

"आज गाडीत येताना एक वास आला," साहेब बोलू लागले, "आणि मला एक कामगार आठवला. सगळ्यांना तेच बूट, पण त्याचे बूट! आरसा! मी विचारलं, काय लावतोस? म्हणाला, जवसाचं तेल. अशी माणसं होती आपल्याकडे. नाव..." साहेब थांबले. धोंडबा तसूभर पुढे सरकला. त्यांच्यात जेमतेम हातभर अंतर होतं. "नाव नाही आठवत. बिहारकडचा होता बहुतेक."

टाळ्या पडल्या. धोंडबाला वाटलं नारळ खाली टाकावा आणि चालतं व्हावं. पण तो सरकला असता तर डाग दिसला असता. तो उभा राहिला, भाषण संपेपर्यंत आणि त्यानंतरच्या सगळ्या फोटोंपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गाडीची चारही दारं उघडी होती. धोंडबा मऊ ब्रशने हळूहळू तेल काढत होता. जिन्याखालची बाटली बाजूला ठेवली होती. अंकुर त्याच्याशी बोलत नव्हता. गिरजाबाई मोबाइल घेऊन आली.

"मंडळाच्या ग्रुपवर फोटू आला. सगळ्यांची नावं लिवली आहे. तुमी त दिसतच नाही. कुठी होते?"

"मांगं."

तिने फोटो बोटांनी मोठा केला. हार, शाल, कमलिनीताईंचं हसू, खाली साहेबांची पांढरी पँट. पँटच्या दोन पायांच्या मागे काळे बूट दिसत होते, शेजारी शेजारी, एकमेकांना लावून ठेवल्यासारखे.

"हे त तुमचे बूट होय," गिरजाबाई म्हणाली. "लय चमकून राह्यले."

धोंडबाने एकदा पाहिलं, फडक्यावर थोडं कंडिशनर घेतलं, आणि सांगितलं होतं तसं ते सीटवर गोल-गोल फिरवायला लागला.