किंकाळीला चार तारे

परीक्षणं वाईट यावीत म्हणून मी सकाळपासून देव पाण्यात घालून बसले होते. तीही सख्ख्या भावाच्या सिनेमाची. हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

भाऊ नट. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून हसला-रडला आणि आता स्वतः दिग्दर्शक झाला, भयपट काढला. मी डबिंग करते. नायिका तोंड उघडते, आवाज माझा. शेवटची किंकाळी काही केल्या त्याच्या मनासारखी होईना. सातव्यांदा "पुन्हा" म्हणाला, रेकॉर्डिस्टला चहाला पिटाळलं, आणि माझ्या डबिंगच्या खोलीतला दिवा गेला. दार बाहेरून बंद. माइक तेवढा चालू. लहानपणी कपाटात अडकले होते, तेव्हापासून मी न्हाणीघराचीसुद्धा कडी लावत नाही, हे घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

दार उघडलं तेव्हा तो टाळ्या वाजवत होता. "ताई, जमलं!"

साडेनऊला तो पेपरांचा गठ्ठा घेऊन आला आणि आत येताच दार लावलं. मी उठून उघडलं.

"ऐक! 'कथा विस्कळीत, पण शेवटची किंकाळी अभिनय वाटतच नाही.' चार तारे! आणि हे बघ, 'नटांकडून काय काढून घ्यावं, हे नटालाच कळतं.'"

तीन पेपर, तिघांना आवडली ती एकच गोष्ट. एकाला म्हणे ती झोपेतही ऐकू आली. मला रोज येते, मी काही तारे वाटत नाही.

"निर्माता दुसरा भाग मागतोय. त्यात लहान मुलगी आहे." तो चिंगीकडे वळला. माझी नऊ वर्षांची लेक जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. "काय गं चिंगे, तुला कशाची भीती वाटते?"

इतक्या लाडानं विचारलं, की मीच मध्ये पडले.

"कशाचीच नाही," मी म्हणाले.

"तुला नाही विचारलं, ताई. बोल गं."

तिला कशाची भीती वाटते ते मला माहीत आहे. ते मी इथेही सांगणार नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नको इतका घट्ट. तिनं हाताकडे पाहिलं, मग मामाकडे.

"बंद दाराची," ती म्हणाली.

"आईवर गेलीस हो!" मामा खूश.

सपशेल खोटं. ही बया आतून कडी लावून तासन्‌तास खेळते.

"ती येणार नाही," मी म्हणाले. आवाज फाटलाच.

"बघू गं. घाई कुठाय?" पेपर काखेत मारून, दार अर्धवट ओढून घेत तो हसत जिना उतरला. घाई नाही म्हणजे परत येणार.

चिंगी नेहमीसारखी दार सताड उघडायला उठली.

"राहू दे," म्हटलं.

मी दार लोटलं आणि कितीतरी वर्षांनी कडी घातली. आतून. किंकाळी गळ्यापर्यंत आली. तोंडावर हात दाबून धरला, दुसऱ्या हातानं चिंगीला.