ऑर्किडला दिलेली उत्तम माती

बेचाळीस वर्षं सार्वजनिक बागेत खुरपं चालवलं की माणसाला एक खोड जडते. झाड दिसलं की झाडाआधी त्याच्या बुडातली माती दिसते. अप्पांची ही खोड एवढी वाढली होती की बागेतले लोक त्यांना ‘मातीवाले अप्पा’च म्हणत. चिमूटभर माती बोटांत चोळून ते तिची कुंडली मांडत, आणि ऐकणारा सापडला तर तासभर सोडत नसत.

सून दवाखान्यात नर्स होती. तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जाताना तिने आपलं ऑर्किड सासऱ्यांच्या हवाली केलं. तीन वर्षं खिडकीत जपलेल्या त्या झाडाला आता कुठे पहिली दांडी आली होती, दांडीवर सात कळ्या.

“बाबा, आठवड्यातून एकदा पाणी. बाकी काही म्हणजे काही करू नका.”

“अगं, हे तू मला सांगतेस?” अप्पा म्हणाले. इथेच माशी शिंकली.

ती गेली आणि अप्पांनी कुंडीत डोकावून पाहिलं. आत मातीचा कण नाही! झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा, आणि बाहेर लोंबणारी मुळं.

“पोरीला फसवलं हो,” त्यांनी शेजारच्या शिंपीमास्तरांना दाखवलं. “कुंडीच्या नावाखाली चुलीचं सरपण विकलं.”

“पण ती म्हणाली ना, हात लावू नका?”

“मास्तर, मी तुम्हाला काजं कशी करायची ते शिकवतो का?”

अप्पांनी माती तीनदा चाळली, पानांचं कुजलेलं खत घातलं, मुठीने वाळू मिसळली. बाहेर लोंबणारी मुळं बिचारी उघडी पडलीत म्हणून तीही प्रेमाने आत पुरली. वरून भरपूर पाणी घातलं. “आता बघा कसं बाळसं धरतं!”

आठव्या दिवशी पानं लुळी पडली. तहान लागली असेल म्हणून अप्पांनी आणखी पाणी घातलं. दहाव्या दिवशी दोन कळ्या पिवळ्या होऊन गळाल्या, अकराव्या दिवशी आणखी दोन. कुंडी नाकाशी नेली तर कुबट वास आला. हा वास अप्पांच्या ओळखीचा होता. मुळं सडत होती. तीन वर्षं वाट पाहणाऱ्या सुनेचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

त्यांनी थेट रोपवाटिका गाठली. तिथल्या बाईंना म्हणाले, “आमच्या शेजाऱ्याने ऑर्किड मातीत लावलं हो.”

“शेजारी काय करतात?”

“शिंपी आहेत.”

“तरीच. माळी असते तर असला अडाणीपणा केला नसता.”

अप्पांनी मान डोलावली. दुसरं काय करणार?

“हे झाड रानात दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसतं,” बाई सांगू लागल्या. “मुळांना वारा लागतो. माती म्हणजे त्याच्या नाकातोंडात पाणी.”

“मग नेमकं घालायचं काय? साल, शेवाळ, कोळसा?”

“ते पाणी घालणाऱ्याच्या हातावर आहे. विसरभोळा असेल तर सुकं शेवाळ द्यावं, ते ओल धरतं. हात सैल असेल तर सालीचे मोठे तुकडे. तुमच्या शेजाऱ्यांचा हात कसा आहे?”

“धरण फुटल्यासारखा,” अप्पा म्हणाले. आयुष्यात त्यांनी मातीला हजार प्रश्न विचारले होते, पण आपल्या हाताला एकही नाही.

घरी येऊन त्यांनी मुळं धुतली, मऊ पडलेली कापली. चार उरली. ती सालीच्या मोठ्या तुकड्यांत आणि कोळशात बसवली. झाड वरून पहिल्यासारखंच दिसू लागलं. फक्त सातातल्या तीन कळ्या राहिल्या. बाकीच्या उन्हाने गेल्या म्हटलं, तर कोण खोटं म्हणणार होतं? शिंपीमास्तर तर आधीच बदनाम झाले होते.

सून आली, बॅगही न ठेवता खिडकीशी गेली.

“बाबा, चार कळ्या कुठे गेल्या?”

अप्पांनी उन्हाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. पण तिने एवढ्या विश्वासाने मागे वळून पाहिलं, की ऊन घशातच अडकलं.

“मी त्याला मातीत लावलं, पोरी. चाळून, खत घालून, उत्तम मातीत. बेचाळीस वर्षांचं शहाणपण एकदम ओतलं.”

सून कुंडी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली. दोन दिवस चहा मिळाला, पण मुकाट्याने. एरवी माणसाला मातीवर तासभर ऐकवणारे अप्पा ‘साखर घातली का’ एवढंही विचारेनात.

पुढच्या आठवड्यात आणखी एक कळी गळाली. नंतर एका सकाळी तिने आतून हाक मारली, “बाबा, या. एक उमललंय.”

अप्पा लगबगीने उठले.

“तिथेच थांबा,” ती म्हणाली. “दारातून बघा.”

आणि अप्पांनी दारातून पाहिलं.